पॅरिश रजिस्टरमध्ये माग सुटला, तर मॅनोरियल रेकॉर्डचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा : नवऱ्याचं घराणं इंग्लंडमधल्या सफोक कौंटीतलं, पिढीजात शेतकरी. पॅरिश रजिस्टरमध्ये (चर्चची बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही) 1650 च्या आसपास माग सुटतो, आणि मॅनोरियल रेकॉर्ड (मॅनर म्हणजे लॉर्डची, जमीनदाराची जहागीर, तिचे कागद) फक्त उमरावांचे असतात असं कुणीतरी सांगितलं.

ते साफ चूक आहे आणि अशा सांगण्यानेच लोक दारातून परत फिरतात. कोर्ट रोल, म्हणजे मॅनरच्या कोर्टाची नोंद, हा कुळांचा कागद. लॉर्डचं नाव मथळ्यात, खाली सगळी गावची माणसं : कोण वारलं, कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली, कुणी चर उपसला नाही म्हणून दंड भरला. आपल्या फेरफाराच्या वहीसारखंच, पण कितीतरी मागे जाणारं. पॅरिश रजिस्टर ठेवायचा हुकूम 1538 चा, यॉर्कशरमधल्या वेकफील्ड मॅनरचे रोल 1274 पासूनचे आहेत.

तुम्हाला हवी ती नोंद कॉपीहोल्ड जमिनीची, म्हणजे मॅनरच्या रिवाजाने कुळाकडे असलेल्या आणि कोर्ट रोलमध्ये नोंदलेल्या जमिनीची. कूळ वारलं की पुढच्या कोर्टात पंच सांगतात : अमुक माणूस गेल्या कोर्टानंतर वारला, त्याच्याकडे घर आणि इतके एकर होते, अमुक हा त्याचा मुलगा आणि वारस, वय इतकं. वारस येतो, स्ट्युअर्ड, म्हणजे लॉर्डचा कारभारी, त्याच्या हाती काठी देऊन जमिनीचा ताबा देतो, नजराणा ठरतो. समासात नजराण्याची रक्कम असते, कुठे हेरियटही, म्हणजे मेलेल्याचं सर्वांत चांगलं जनावर. आधी समासावरूनच नजर फिरवा, वेळ वाचतो. लॅटिनमध्ये ‘ओबिइत’ म्हणजे वारला, ‘फिलियुस एत हेरेस’ म्हणजे मुलगा आणि वारस, ‘सुर्सुम रेद्दिदित’ म्हणजे जमीन लॉर्डच्या हाती परत दिली. साचा शतकानुशतकं तोच, त्यामुळे एवढ्यावर बरंच निभतं.

तुमचा माग 1650 ला सुटतो ही खरं तर सोय आहे. 1651 ते 1660 कोर्टाचं कामकाज इंग्रजीत होतं, नंतर थेट 1733 पर्यंत पुन्हा लॅटिन. इंग्रजी रोलवर साचा पाठ करा, मग मागे सरका. तारखा मात्र जपून : वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून कागदावरचा फेब्रुवारी 1640 म्हणजे आपला 1641.

आता ज्यावर मी कायम भांडत आलोय ते. ‘वारस म्हणजे थोरला मुलगा’ असं धरून वंशवृक्ष रंगवणारे लोक मॅनरचा रिवाज बघतच नाहीत. सफोकमध्ये कितीतरी मॅनरांत बरो इंग्लिश चालायचं, म्हणजे जमीन धाकट्याला. रोलमध्ये धाकटा दिसला की थोरले मेले असं ठरवून मोकळे होतात, आणि जिवंत माणसांची अख्खी शाखा छाटली जाते! बाप हयातीतच जमीन ‘मृत्युपत्राच्या उपयोगासाठी’ लॉर्डच्या हाती सोडून देत असे, तेव्हा थोरल्यांचा पत्ता मृत्युपत्रात लागतो. मृत्युपत्र आणि रोल शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कुणालाही मेलेला ठरवू नका.

शोधायचं कसं? ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या (सरकारी दप्तरखान्याच्या) मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये पॅरिशचं नाव टाका. आडनाव टाकून काही मिळत नाही, तिथे फक्त कोणत्या मॅनरचे, कोणत्या सालांचे कागद कुठे ठेवलेत एवढंच कळतं. एका पॅरिशमध्ये चार-पाच मॅनर असू शकतात, आणि एक मॅनर दोन-तीन पॅरिशमध्ये पसरलेला. सगळे बघा, शेजारच्या पॅरिशचेही. कागद कौंटीच्या दप्तरखान्यातच असतील असं नाही. मॅनर केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजचा असेल तर ते कॉलेजकडे.

एक राहिलं. घराणं फ्रीहोल्डर, म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेलं, असेल तर वारसाची अशी भरगच्च नोंद क्वचितच मिळेल. पोटकूळ किंवा मजूर असेल तर दंडाच्या यादीत एखादं नाव, तेवढंच. आणि काही मॅनरांचा एकही रोल उरलेला नाही. मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये तुमच्या सालांचे रोल नसल्याचं दिसलं, तर रेंटल (कुळांच्या भाड्याची यादी) आणि सर्व्हे (मॅनरच्या जमिनींची पाहणी) मागवा. त्यांत नातं क्वचित लिहिलेलं असतं, पण तीच जमीन तीस वर्षांनी त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाकडे दिसली की पुढचा धागा हाती लागतो.