काँक्रीट रस्त्याखाली खडी आणि छिद्रांचे पाइप कशासाठी टाकतात?

तुम्ही विचारलंय की पार्ल्यात सोसायटीसमोरचा रस्ता काँक्रीटचा होतोय आणि त्याखाली खडी नि छिद्रं असलेले पाइप टाकतायत. काँक्रीटमधून पाणी झिरपत नाही, मग हा खर्च कशाला?

मी रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनीअर आहे. हा खर्च अजिबात वाचवू देऊ नका, असंच सांगेन.

काँक्रीट पाणी आत सोडत नाही हे बरोबर. पण दर चार-साडेचार मीटरवर सांधा कापलेला असतो आणि त्यातलं सीलंट, म्हणजे सांधा बुजवायचा मसाला, काही वर्षांत सुटतं. शिवाय फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकमधून, झाडांच्या आळ्यांतून, गळक्या जलवाहिनीतून पाणी आत शिरतंच. मुंबईचा बराच भाग भरावाचा, त्यामुळे पावसाळ्यात जमिनीतलं पाणीही खूप वर येतं.

हे पाणी अडकून राहिलं की जड बस सांध्यावरून जाताना स्लॅब किंचित दबतो, खालचं पाणी सांध्यातून वर उसळतं आणि सोबत बारीक माती घेऊन येतं. पाऊस उघडल्यावर सांध्यालगत मातकट पट्टा सुकलेला दिसला, तर खाली पोकळी व्हायला लागलीय असं समजा. पुढे स्लॅबचा कोपरा तुटतो. मग वरून कितीही मलमपट्टी करा, टिकत नाही. डांबरी रस्त्यात तर पाणी खडीवरचं डांबरच सोडवतं, म्हणून तिथे एका पावसाळ्यात खड्डे पडतात.

वरचा स्लॅब म्हणजे पीक्यूसी, त्याखाली कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर, डीएलसी आणि त्याच्या खाली खडीचा थर, जीएसबी. पाणी वाहून न्यायचं काम या जीएसबीचं. त्यात क्रशरची धूळ किंवा मातीचा मुरूम जास्त असेल तर थर घट्ट बसतो खरा, पण पाणी धरून ठेवतो. साइटवर सोपी परीक्षा आहे: मूठभर ओला माल दाबून बघा. चिखलाचा गोळा झाला आणि तळहात माखला, तर तो माल पाणी वाहून नेणार नाही. दाबलेल्या थरावर बादलीभर पाणी ओतलं तर ते चटकन आत जिरायला हवं, वर तळं साचता कामा नये.

कडेच्या चरातल्या पाइपची छिद्रं खालच्या बाजूला असतात. बघणाऱ्याला पाइप उलटा टाकलाय असं वाटतं, पण पाणी चरात खालून वर चढतं आणि छिद्रांपर्यंत आलं की लगेच वाहू लागतं. चराला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचं अस्तर हवं, नाहीतर माती शिरून खडी तुंबते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पाइप शेवटी कुठे सुटतो? मी पाहिलेल्या एका कामात पाइप नियमाप्रमाणे टाकला होता, पण चेंबरला जोडलाच नव्हता. चर म्हणजे बंद हौद झाला होता. पाइपचं तोंड पर्जन्य जलवाहिनीच्या चेंबरमध्ये, तिथल्या नेहमीच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवं. मुंबईत समुद्रालगत ही पातळी भरतीला चढते. गटारं समुद्रात सुटतात ती बरीच तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे पाइपचं तोंड खाली ठेवलं तर चेंबरमधलं पाणी उलटं रस्त्याखाली घुसतं.

एक गल्लत मात्र करू नका. हे पाइप रस्ता वाचवतात, तुंबलेला रस्ता मोकळा करत नाहीत. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसासाठी होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. पुढची कामं तासाला ५० मिमीच्या हिशेबाने आखली गेली. दादरजवळच्या हिंदमातासारख्या खोलगट जागेला भूमिगत टाक्या आणि पंप लागले. ते काम वेगळं.

तुम्ही एवढं करा: डीएलसी पडायच्या आधी वॉर्ड ऑफिसच्या इंजिनीअर साहेबांकडे पाइप चेंबरला जोडल्याचा फोटो मागा. आणि पहिल्याच पावसाळ्यात, जोराचा पाऊस थांबून काही तास झाल्यावर, देखभालीची माणसं चेंबर उघडतील तेव्हा पाइपच्या तोंडाशी धार आहे का ते त्यांना विचारा. झाकण स्वतः उघडू नका.