ट्रान्झिस्टर चटके देतो, कॉइल मात्र गप्प

प्रश्न : नाना, मी अकरावी सायन्सला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी टेस्ला कॉइल, म्हणजे जवळ धरलेला दिवा वायर न जोडता पेटवणारी कॉइल, केली. पाऊण इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपवर ३४ गेजच्या तारेचे ४०० वेढे मारले, त्यावर बाहेरून जाड वायरचे ३ वेढे. डी ८८२ ट्रान्झिस्टर, २२ हजार ओहमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी. पप्पांच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लावली. जवळ घरातला एलईडी बल्ब धरला, पेटला नाही. मित्र म्हणाला रेझिस्टर मोठा आहे, म्हणून १ हजारचा लावला. आता ट्रान्झिस्टरला बोट लावलं की चटका बसतो, बाकी काही नाही. सगळं उलगडून परत गुंडाळू का?
— एक विद्यार्थी, चोपडा तालुका

उत्तर : अरे बाबा, उलगडू नकोस! चारशे वेढे हाताने मारायला काय लागतं ते मला माहीत आहे. सावद्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, केळीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी भरण्यात जन्म गेला. तुझी कॉइल बहुतेक चांगली असेल. तपासण्यात मात्र तू घोळ घातला आहेस.

आधी बल्बचं. एलईडी बल्ब या कामाचा नाही. कॉइलजवळ पेटतो तो आतला वायू, आणि वायू असतो सीएफएलमध्ये किंवा जुन्या ट्यूबलाइटमध्ये. भंगारात पडलेला सीएफएलही चालेल, फक्त त्याची काच फुटलेली नको. टेस्लाने १८९१ साली अमेरिकेत या प्रकारच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं तेही दिवे लावण्यासाठीच. त्याच्याकडे ट्रान्झिस्टर नव्हता, ठिणगीची फट होती; तुझं सर्किट त्याच्या कॉइलचं धाकटं भावंड आहे.

म्हणजे बघ, पहिल्या दिवशी तुझी कॉइल चालतही असेल आणि तुला कळलं नसेल. ते कळायला सर्किटमध्येच एक साक्षीदार होता, तो लाल एलईडी. त्याचा लांब पाय बॅटरीच्या मायनसला आणि आखूड पाय बेसला (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी त्याला चालू-बंद करणारा) असेल, तर तो साध्या सरळ करंटवर पेटूच शकत नाही. बेस मायनसच्या खाली गेला तरच पेटतो, आणि बेस खाली जातो तो कॉइल झुलायला लागली, म्हणजे तिच्यात करंट झोक्यासारखा पुढे-मागे व्हायला लागला, की. एलईडी लागला, कॉइल चालू. तो लागला होता की नाही हे तू लिहिलंच नाहीस.

आता चटक्याचं. १२ व्होल्ट आणि १ हजार ओहम म्हणजे बेसला साधारण ११ मिलिअँपिअर. हा ट्रान्झिस्टर त्याच्या निदान साठ पट करंट ओढतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या वर. कॉइल झुलत नसेल तर ती सगळी शक्ती, सात-आठ वॉट, ट्रान्झिस्टरच्या अंगावर. हिटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, नसताना तो एक वॉट झेलतो, आणि तेही २५ अंशांच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत काय असतं ते तुला सांगायला नको. मित्राचा सल्ला म्हणजे मोटार अडकली म्हणून जाड फ्यूज टाकण्यातला प्रकार. तो ट्रान्झिस्टर गेला असं धरूनच चाल, नवा आण, आणि रेझिस्टर परत २२ हजारचा लाव.

नवा लावताना पाय बघ. डी ८८२ चं छापील तोंड आपल्याकडे केलं की डावीकडे एमिटर, मधे कलेक्टर, उजवीकडे बेस. मधला पाय बेस समजून मीही एकदा दोन ट्रान्झिस्टर घालवलेत, दुकानातली पोरं अजून आठवण काढतात. आणि पाठीचा पत्रा कलेक्टरलाच जोडलेला असतो, म्हणून हिटसिंक लावलास तर त्याला दुसरी वायर टेकू देऊ नकोस.

मग बॅटरी लावायच्या आधी मल्टिमीटर घे. तुझ्या पाइपवर चारशे वेढे म्हणजे साधारण ३३ मीटर तार. ३४ गेजच्या तांब्याचा इतक्या लांबीला रोध १३-१४ ओहम येतो. दहा ते सोळाच्या मधे दाखवलं तर कॉइल शाबूत. काहीच दाखवलं नाही तर आधी टोकं बघ. या तारेवरचं इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने सहसा जात नाही. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने चहूबाजूंनी, तांबं लख्ख दिसेपर्यंत खरवडावं लागतं. दुकानात नव्या पोराला पहिले आठ दिवस मी हेच काम देतो. (कॉइल चालू असताना मल्टिमीटर जवळ नेऊ नकोस, तो वाट्टेल ते दाखवतो.)

हे सगळं ठीक आणि तरी एलईडी अंधारात? मग बाहेरच्या तीन वेढ्यांची दोन टोकं आपसात बदल. कलेक्टरचं प्लसला, प्लसचं कलेक्टरला. बस. माझ्या मते तुझा रोग हाच आहे. सिंगल फेज मोटारीत स्टार्टिंगची टोकं उलटी पडली तर मोटार उलटी का होईना, फिरते. थ्री फेजमध्ये एक ग्रुप उलटा जोडला गेला तर मोटार घूंघूं करते, तापते आणि जागची हलत नाही. तुझी कॉइल या दुसऱ्या जातीची. आतल्या कॉइलकडून बेसला येणारा धक्का ट्रान्झिस्टरला साथ देणारा हवा. वेढे उलटे असले तर तो धक्का त्यालाच दाबतो, झोका बसत नाही, नुसता करंट वाहतो. 'नाना, काबर चालत नही?' असं विचारत पोरं दरवर्षी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री येतात, आणि निम्म्यांचं काम या दोन टोकांवर भागतं.

आतल्या कॉइलचं खालचं टोक मात्र बेसलाच. पुष्कळ जण ते मायनसला जोडून बसतात.

पाइप पांढरा घेतलास ते बरं केलंस. आपल्या भागात ठिबकची काळी नळी फुकट मिळते म्हणून पोरं तीच घेतात. तिच्यात काजळी, म्हणजे कार्बन, मिसळलेला असतो. कॉइलसाठी मला तिचा भरवसा वाटत नाही.

आणि बॅटरीच्या प्लसला एक अँपिअरचा फ्यूज टाक. ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर पंपाच्या बॅटरीपुढे फक्त तीन वेढे तांबं उरतं. वायर लाल होईल, बॅटरी जाईल, आणि फवारणीच्या दिवशी पप्पांना उत्तर तू देशील. कॉइल चालू असताना आतल्या कॉइलच्या वरच्या टोकाला बोट लावू नकोस. झटका जाणवत नाही, पण कातडी बारीकशी जळते.

प्रश्न : माझ्याकडे बंद पडलेल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यावर मोठी कॉइल करायची आहे, जोडणी कळवावी.
— एक वाचक, धुळे

उत्तर : कळवणार नाही. त्या ट्रान्सफॉर्मरला दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि माणूस मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट करंट. हाय व्होल्टेजचं एक टोक सहसा लोखंडी गाभ्यालाच जोडलेलं असतं, म्हणजे एक हात गाभ्याला टेकला की अर्धं काम झालं. त्याच्यासोबतचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो, तो उघड्या हाताने काढू नका. ट्रान्सफॉर्मर भंगारात घाला. तार तांब्याची समजून भाव ठरवायच्या आधी थोडी खरवडून बघा, पुष्कळदा आत ॲल्युमिनियम निघतं.