पावतीपुस्तकाला एम.ए. कशाला?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची. बी.कॉम.नंतर एमएसडब्ल्यू केलं आणि तीन वर्षं कर्णबधिर मुलांच्या एका शाळेसाठी देणग्या जमवते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात निधी संकलन आणि दानकार्य याच विषयात एम.ए. करता येतं असं कळलं. आई म्हणते, "पावतीपुस्तक घेऊन फिरायला एम.ए. कशाला? कर्ज काढून भीक मागायला शिकणार का?" इकडे विश्वस्त म्हणतात, पगाराऐवजी जमेल त्या रकमेवर दहा टक्के घे. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी दहा टक्क्यांचं. नको म्हण, आणि लेखी कळव. विश्वस्तांच्या मनात वाईट नसेल. पगाराला पैसे नाहीत म्हणून सुचलं असेल. पण हजार रुपये देणाऱ्याला वाटतं, ते मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी गेले. त्यातले शंभर तुझे, हे त्याला नंतर बाहेरून कळलं तर तो शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेलाही टक्केवारीवरचा मोबदला मान्य नाही. शिवाय टक्केवारीवर काम करणारा मोठ्या चेकमागे धावतो, ५०१ देणारी बाई त्याला दिसतच नाही.

अशा एका बाईंबद्दल तुला सांगायलाच हवं. पुण्यात सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. यजमानांच्या वर्षश्राद्धाला दरवर्षी त्यांच्या नावाने आमच्या संस्थेला ५०१ रुपये द्यायच्या. मला नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. पावती मी लिहिली, आणि नावाआधी 'कै.'ऐवजी 'श्री.' लिहिलं. सोबत छापील पत्र गेलं : आपलं सहकार्य यापुढेही असंच लाभो. पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ट्रंकेतून पावत्या काढल्या. अकरा पावत्या, कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या दोऱ्यात ओवलेल्या. शेवटच्या पावतीवर त्यांनी शाईच्या पेनाने 'श्री.' खोडून वर बारीक अक्षरात 'कै.' लिहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. चहा टाकला.

मागायचं कसं हे तुला येतं, तीन वर्षं तू तेच करते आहेस. शिकायचं ते देणगी मिळाल्यानंतरचं. देणाऱ्याची नोंद कशी ठेवायची, पैसा कुठे लागला हे त्याला कसं दाखवायचं, कुणाचा पैसा नाकारायचा. हे शिकवता येतं. मला कुणी शिकवलं नाही, मी एका माणसाला दुखावून शिकले. म्हणून तुझ्या शिकण्याच्या बाजूने मी ठामपणे उभी आहे.

आता इंडियानाचं. इंडियानापोलिसमध्ये १९८७ साली या विषयाचं केंद्र सुरू झालं आणि २०१२ साली त्याची स्वतंत्र विद्याशाखा झाली. आज ती लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी म्हणून ओळखली जाते. हेन्री रॉसो यांनी १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेले निधी संकलनाचे वर्गही पुढे तिथेच आले. ते वर्ग थोड्या मुदतीचे असतात. एम.ए.मध्ये दानाचा इतिहास, त्यातली नीती, स्वयंसेवी क्षेत्राची घडण असा मोठा पट येतो, आणि ती ऑनलाइनही करता येते. पण तिथला अभ्यास तिथल्या समाजावर बेतलेला आहे. अमेरिकेत एकूण देणग्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जिवंत माणसं स्वतःच्या खिशातून देतात. इच्छापत्रातून येणारा पैसा त्यात धरलेलाही नाही. इच्छापत्राचा धडा मात्र तुला बार्शीतही उपयोगी पडेल. मूलबाळ नसलेली किती तरी वडीलधारी माणसं आपल्याकडे नुसतं कुणी नीट विचारावं म्हणून थांबलेली असतात.

कायदा मात्र तुला इथलाच लागणार. दोन हजारांवर रोख घेतलीस तर देणगीदाराला ८० जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत नाही. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे वेळेत भरलं नाही तर त्याच्या हातात सवलतीचं प्रमाणपत्र नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळातल्या कुणी पैसे दिले, तर आधी पासपोर्ट विचारायचा. नागरिकत्व भारतीय आणि पैसे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आले, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिक असेल तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू. म्हणजे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासनावर जास्तीत जास्त २० टक्के खर्च. हे इंडियानात कुणी शिकवणार नाही.

म्हणून माझं मत असं. परत येऊन इथल्याच संस्थांत काम करायचं असेल तर परदेशासाठी कर्ज काढू नकोस. इथले पगार त्या हप्त्यांना पुरे पडत नाहीत, हे मी बावीस वर्षं पाहते आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास विषयाची दोन वर्षांची एम.ए. आहे आणि घरची परिस्थिती पाहून मदत मिळते. नोएडाच्या इंडियन स्कूल ऑफ डेव्हलपमेंट मॅनेजमेंटचाही विचार कर. इंडियानाची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तर बिनधास्त जा.

आईला कर्व्यांची आठवण करून दे. महर्षी सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली जगाच्या प्रवासाला निघाले आणि महिला विद्यापीठासाठी देशोदेशी निधी मागत हिंडले. रयतच्या वसतिगृहांना तर घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार होता. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही.

अर्ज भरण्याआधी एक कर. शाळेची जुनी पावतीपुस्तकं काढ आणि सलग तीन वर्षं देऊन मग थांबलेल्यांची यादी कर. त्यातल्या पाच जणांच्या घरी जा, पावतीपुस्तक न घेता. ते का थांबले आणि त्यांच्यासमोर बसल्यावर तुला काय काय येत नव्हतं, ते अर्जासोबतच्या निवेदनात लिही. मसुदा मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून देईन.