चौकटीत चौकट, आणि गादीवर खंडेराव

प्रश्न : वाचनालयाच्या भिंतीसाठी होळकरांची वंशावळ ग्राफविझच्या (लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणारे सॉफ्टवेअर) डॉट भाषेत लिहिली आहे. ‘घराणे’ या मोठ्या चौकटीत ‘गादीवर बसलेले’ अशी लहान चौकट हवी. आधी चौकटच उमटेना. उमटली तर खंडेरावही आत जाऊन बसले! शिवाय अहिल्याबाईंना किल्ला आणि घाटाबरोबर ‘महेश्वर’ या तिसऱ्या चौकटीतही दाखवायचे आहे.
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : (भाषेतले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, फाइलमध्ये ते रोमन लहान अक्षरांत लिहावेत.)

चौकट न उमटण्याचे कारण बहुधा नावात असते. सबग्राफचे (महिरपी कंसात लिहिलेला नावांचा गट) नाव ‘क्लस्टर’ने सुरू झाले की त्याभोवती रेघ येते, म्हणजे ‘गादी’ नव्हे, ‘क्लस्टर_गादी’. भिंतीवर दिसायचे शीर्षक ‘लेबल’मध्ये वेगळे द्या. वंशावळीसाठी इंजिनही (आकृतीची मांडणी करणारा प्रोग्रॅम) डॉटच घ्या, नीटो हे दुसरे इंजिन चौकटी जुमानत नाही.

आता खंडेराव, मल्हाररावांचे पुत्र आणि मालेरावांचे वडील. ते 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात, मल्हाररावांच्या हयातीतच पडले. गादीचा प्रश्नच नव्हता. पण तुम्ही ‘खंडेराव ते मालेराव’ हा बाण आतल्या महिरपी कंसात लिहिला असणार. कंसात ज्याचे नाव आले तो त्या चौकटीचा सदस्य, मग तो नुसता बाणाच्या टोकाला का असेना. म्हणून ‘क्लस्टर_गादी’त फक्त नावे ठेवा: मल्हारराव, मालेराव, अहिल्याबाई, तुकोजीराव. खंडेराव बाहेरच्या ‘क्लस्टर_घराणे’त. बाण सगळे शेवटी, दोन्ही चौकटींचे कंस मिटल्यावर. बाहेरच्या चौकटीचा रंग आतल्या सबग्राफच्या आधी लिहिलात तर तो आतल्या चौकटीलाही लागतो. नको असेल तर ती ओळ आतला कंस मिटल्यावर लिहा.

महेश्वरचे मात्र तुम्ही म्हणता तसे जमणार नाही. चौकटी एकीच्या पोटात दुसरी अशा बसतात, एकमेकींना छेदत नाहीत. अहिल्याबाईंना दोन्हींत घातले तर डॉट इशारा देऊन त्यांना एकीतून काढून टाकते. त्यांना गादीतच राहू द्या, ‘क्लस्टर_महेश्वर’मध्ये किल्ला आणि घाट ठेवा आणि तिकडे बाण न्या. चौकटीच्या नावाकडेच बाण काढू नका; त्या नावाचा एक भटका लंबगोल तयार होतो. बाण घाटाकडे काढा, त्याच्या चौकोनी कंसात ‘एलहेड’ला ‘क्लस्टर_महेश्वर’ हे नाव द्या आणि फाइलच्या सुरुवातीला ‘कंपाउंड’ची किंमत ‘ट्रू’ करा. मग बाण चौकटीच्या कडेवर थांबतो. यातली ‘कंपाउंड’ची ओळ राहून गेली की बाण सरळ आत घुसतो, आणि माणूस उगाच ‘एलहेड’चे स्पेलिंग तपासत बसतो.

प्रश्न : सराफ्यातल्या दुकानाचा ऑर्डर ते पार्सल हा क्रम मरमेडमध्ये (मजकुरातून आकृती काढणारे दुसरे साधन) काढला. आतल्या सबग्राफला आडवी दिशा दिली तरी तो उभाच येतो.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आतल्या एखाद्या नोडचा (आकृतीतला एकेक टप्पा) बाण बाहेर जात असेल तर मरमेड सबग्राफची स्वतःची दिशा सोडून बाहेरच्या आकृतीची दिशा धरते. बाण आतल्या नोडला न जोडता सबग्राफच्या नावाला जोडा; डॉटमध्ये जे चालत नाही ते इथे चालते. आणि शेवटच्या नोडचे नाव लहान अक्षरांत ‘एंड’ ठेवले असेल तर बदला. सबग्राफ मिटवायचा शब्दही तोच असल्याने आकृती तिथेच मोडते.