जाळीपलीकडे निघालेली लेक

प्रिय ताई,

माझी मुलगी २६ वर्षांची आहे. शिकलेली, कमावती, हसती-बोलती. गेल्या महिन्यात जेवता जेवता तिने शांतपणे सांगितलं की तिला कार्मेलाइट मठात जायचंय. शाळा-इस्पितळांत काम करणाऱ्या सिस्टरांकडे नाही. जिथे एकदा गेलं की बाहेर येत नाहीत, आईबापालाही जाळीआडून भेटतात, तिथे. मी म्हटलं, सेवाच करायची तर गरिबांची कर, मी स्वतः पोचवायला येते. ही कोंडून घ्यायची हौस कसली? दीड वर्षापूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मला वाटतं, ती त्यापासूनच पळतेय. तिच्या बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. आम्ही चर्चला जाणारी माणसं, देवाला नाही तरी कसं म्हणायचं? माझं ब्लडप्रेशर फार वाढलंय असं डॉक्टरांकडून तिला सांगवावं, म्हणजे निदान थांबेल, असं मनात येतं. चुकतंय का माझं?

– एक आई

ब्लडप्रेशरचं नाटक करू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही डॉक्टरांना फोन लावलेला असेल. नाटकाने ती थांबेलही. पण घरातली नाटकं फार दिवस लपत नाहीत. तिला कळेल, आणि मग समोरच्या खुर्चीत बसूनही ती तुमच्याशी जाळीआडूनच बोलेल.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. ‘सेवाच करायची तर गरिबांची कर.’ खरं सांगा, ती उद्या समुद्रापलीकडच्या एखाद्या इस्पितळात पंचवीस वर्षांसाठी निघाली असती, तर तुम्ही हसत तिची बॅग भरली असती? तेव्हाही रडलाच असता. फक्त रडताना चार लोकांना सांगायला काहीतरी हाताशी असतं. इथे तेही नाही. तुमचं खरं वाक्य दुसरंच आहे, आणि ते अख्ख्या पत्रात तुम्ही कुठे लिहिलेलं नाही: ती नसेल तर मी कशी राहू? हे तिला सांगा. उपयोगाचा वाद तुम्ही जिंकलात काय नि हरलात काय, हाती काही लागणार नाही.

त्या वादात मी तुमची समजूत घालणारही नाही. हाताला काम नसलं की मला स्वतःलाच चैन पडत नाही, तेव्हा तुमची शंका मला आतून कळते. पण चर्चने या प्रश्नाला फार पूर्वी एक चमत्कारिक उत्तर देऊन ठेवलंय. फ्रान्समधल्या लिझ्यू गावातली तेरेझ १८८८ मध्ये, १५ व्या वर्षी कार्मेलमध्ये, म्हणजे कार्मेलाइट मठात, शिरली आणि १८९७ मध्ये, २४ व्या वर्षी क्षयाने तिथेच वारली. मधली साडेनऊ वर्षं मठाच्या भिंतींआड. आणि १९२७ मध्ये पोपनी तिला जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदाती संत ठरवलं, समुद्र पालथे घालणाऱ्या फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने! हे पटतं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. तुमच्या मुलीला ते पटलेलं दिसतंय, आणि ज्या चर्चला तुम्ही तिला बोट धरून नेलंत, तिथेच ती ते शिकली.

कोंडून घेणं म्हणजे दिवसभर हात जोडून बसणं, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर तेवढं मात्र पुसायला हवं. या मठांत पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेल्या वेळी घंटा होते, सगळ्या जणी हातातलं काम तसंच ठेवून प्रार्थनेला जमतात, आणि असं दिवसातून सहा-सात वेळा होतं. मधल्या वेळात स्वयंपाक, धुणी, बाग, आजारी म्हाताऱ्या सिस्टरांचं सगळं. पोटासाठी कुठे मिस्साच्या ओस्ती, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत देतात त्या पातळ भाकरीच्या चकत्या, भाजतात, कुठे फादरांचे झगे शिवतात, कुठे मेणबत्त्या करतात. कार्मेलमध्ये त्याशिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास निव्वळ मूक प्रार्थना. आविलाच्या तेरेसाने (ही लिझ्यूच्या तेरेझहून वेगळी) १५६२ मध्ये स्पेनमध्ये सुधारलेल्या कार्मेलचा पहिला मठ काढला, तेव्हाची ही शिस्त. याच बाईने दिवसातून दोनदा गप्पांचाही वेळ ठरवून दिला, हातात शिवणटिपण घेऊन एकत्र बसायचं आणि बोलायचं, हसायचं. तोंड पाडून बसणाऱ्या संतांचं तिला वावडं होतं.

तिथे माणसाला छळते ती जाळी नव्हे. छळतं रोज तेच ते, आणि रोज त्याच पंधरा-वीस जणी. तेरेसाने मठ मुद्दाम लहान ठेवले, आधी १३ जणींचे, पुढे फार तर २१ जणींचे. लहान घरात तोंड लपवायला जागा नसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मघाच्या लिझ्यूच्या तेरेझचंच घ्या. संध्याकाळच्या मूक प्रार्थनेत तिच्या मागे बसणारी एक सिस्टर सतत कसलासा बारीक आवाज करायची. मागे वळून डोळे वटारावेत असं तेरेझला इतकं वाटायचं की आवरता आवरता तिला घाम फुटायचा. शेवटी तो आवाज चुकवायचा नाद सोडून ती तो एखाद्या मैफलीसारखा लक्ष देऊन ऐकायला लागली. माणसं संत होतात ती अशा फुटकळ गोष्टींवर, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

हे इतकं लांबण लावून सांगितलं ते तुमच्या ‘पळतेय’ या शब्दासाठी. लग्न मोडलं म्हणून पळणाऱ्याला जग मोकळं असतं: दुसरं गाव, दुसरी नोकरी, दुसरा माणूस. मठात पळायला जागाच नाही. जे दुःख घेऊन आत जाल, ते पहिल्या आठवड्यातच शेजारी येऊन बसेल, आणि ते विसरायला ना फोन, ना मैत्रिणी, ना भटकंती. पळपुट्या माणसाला हे सहसा झेपत नाही. आविलाची तेरेसा तर मनाने खचलेल्या, सतत उदासीत असणाऱ्या मुलींना मठात घेऊ नये, असं आपल्या मठांना बजावून गेली आहे.

तरी तुमची शंका मी उडवून लावत नाही. मुलीला विचारा, पण खोडून काढण्यासाठी नको, ऐकण्यासाठी विचारा. हे पहिल्यांदा कधी मनात आलं? लग्न मोडण्याच्या आधी की नंतर? झोप लागते का, जेवण जातं का, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का? तुम्हीच तिला ‘हसती-बोलती’ म्हटलंय, ते मला दिलासा देणारं वाटलं. ती गप्प-गप्प असती, माणसं टाळत असती, तर मी आधी मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं असतं आणि मठाचा विषय बाजूला ठेवायला सांगितलं असतं. आणि समजा, लग्न मोडल्याचा धक्का या निर्णयात थोडा मिसळलेला निघाला, तरी घाबरू नका. खुद्द आविलाच्या तेरेसाने कबूल केलंय की मठात जाताना तिच्या मनात देवाच्या प्रेमापेक्षा नरकाची भीतीच जास्त होती. कारणं मागाहूनही नितळतात.

आता दाराबद्दल. तुम्हाला वाटतंय, ती एका सकाळी आत जाईल आणि मागे कडी लागेल. तसं नाही. रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, २०१८ मध्ये या मठांसाठी जे नियम काढले, त्यांनुसार आधी किमान एक वर्ष ओळखीचं, मग किमान एक वर्ष उमेदवारीचं, मग दोन वर्षं नवशिकी म्हणजे नॉव्हिस म्हणून, मग पाच वर्षं तात्पुरत्या व्रतांची. एकूण कमीत कमी नऊ वर्षं, त्यानंतर कायमची व्रतं. नॉव्हिस असताना ती कुठल्याही दिवशी बॅग उचलून घरी येऊ शकते, आणि मठही तिला ‘तुझी वाट ही नव्हे’ म्हणून परत पाठवू शकतो. मुली परत येतातही. त्या आल्या की घरच्यांनी ‘आम्ही सांगत होतो’ म्हणू नये, एवढंच. नऊ वर्षांत कितीतरी संसार मांडून मोडतात हो. लग्नाला आपण इतका विचार करायला कुठे लावतो?

तुमचा सगळा जोर ‘जावं की न जावं’ यावर चाललाय. तो ‘कुठल्या मठात’ यावर लावा, तिथे तुमचं चालेल. तिच्याबरोबर जा. भेटीच्या खोलीला तिथे पार्लर म्हणतात, ऐकून हसू नका, मूळ शब्द बोलण्यावरून आलाय. तिथे बसून प्रमुख मदरना सरळ प्रश्न विचारा. वर्षात किती वेळा भेटता येईल? पत्रं, फोन? ती आजारी पडली तर इस्पितळात नेता ना? आम्ही आजारी पडलो तर काय? ती परत यायची झाली तर तिच्या शिक्षणाची कागदपत्रं, पैसे कुणाकडे असतील? मठामठाचे नियम वेगळे असतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. चांगल्या मठातल्या मदर अशा प्रश्नांना वैतागत नाहीत, उलट ‘थोडं थांब, नोकरी इतक्यात सोडू नकोस’ असं मुलीला त्याच सांगतात. जिथे घाई दिसेल, ‘घरी आत्ताच सांगू नकोस’ असं कुणी म्हणेल, तिथून तिला घेऊन तडक उठा. मठ ओस पडू नये एवढ्याचसाठी परदेशांतून मुली आणू नयेत, असं पोप फ्रान्सिस यांना २०१६ मध्ये लेखी सांगावं लागलं होतं. ते उगीच सांगितलं नसणार.

आणि आईबद्दल. इटलीतल्या असिसीची संत क्लेअर १२१२ मध्ये मठवासासाठी रात्री घरातून निघून गेली, तेव्हा नातेवाईक तिला ओढून न्यायला आले आणि ती वेदीला धरून उभी राहिली. पुढे तिची आई ओर्तोलाना स्वतःच क्लेअरच्या मठात राहायला गेली. ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. पण सगळ्यांचं असं गोड होत नाही, म्हणून तुम्हाला दुसरीही सांगते. जर्मन तत्त्वज्ञ एडिथ श्टाइन ज्यू घरात जन्मली आणि १९२२ मध्ये तिने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. मठ तिला तेव्हापासूनच खुणावत होता, पण ती अकरा वर्षं थांबली. थांबण्याचं एक कारण आई होती. १९३३ च्या ऑक्टोबरात, निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे नेमकी तिच्या वाढदिवशी, ती ८४ वर्षांच्या आईबरोबर सिनगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, गेली. परतताना दोघी काही वाट चालत आल्या. आईला ते कधीच पटलं नाही. एडिथ मठातून दर आठवड्याला पत्र लिहायची, कितीतरी काळ आईचं उत्तर आलं नाही. १९३६ मध्ये आई गेली. शेवटच्या वेळी एडिथ जवळ नव्हती.

हे तुम्हाला घाबरवायला सांगितलं नाही. तुमचं दुःख खोटं किंवा कमी श्रद्धेचं आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका, म्हणून सांगितलं. ‘देवाला नाही कसं म्हणायचं’ असं लिहिलंत. म्हणा की. तुमची मुलगी तिथे रोज जी स्तोत्रं गाईल, त्यांत देवाला ‘तू मला कुठवर विसरणार’ असं खडसावणारी आहेत. तिच्या तोंडून ती निघतील तेव्हा तुमचं भांडण तिच्याकडून परस्पर पोचेल. तिला तुमच्या परवानगीची गरज नाही, २६ वर्षांची आहे ती. आशीर्वाद आज देता येत नसेल तर आज देऊ नका. ‘मला पटलेलं नाही, पण तू माझी आहेस’ एवढं म्हणालात तरी तिला पुष्कळ होईल.

तिच्या बाबांना बोलायला लावू नका, सोबत चला एवढंच म्हणा. तेरेझचे वडील लेकीला घेऊन स्वतः रोमला गेले होते, १४ वर्षांची ती पोर पोपपुढे गुडघे टेकून मठात जायची परवानगी मागत होती. तुमच्या यजमानांनी तेवढं करायला नको. पार्लरमध्ये गप्प बसले तरी चालेल. तिथल्या बायकांना गप्प बसलेल्या माणसाची सवय असते.

आणि ते ब्लडप्रेशर खरोखर एकदा मोजून घ्या. पत्रावरून तुम्ही महिनाभर नीट झोपलेल्या दिसत नाही.

– ताई