घराजवळची नोकरी सोडून जास्त पगारासाठी रोज पाच तासांचा प्रवास करावा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, पगार 34 हजार, बाईकवर वीस मिनिटं. आता अंधेरीतल्या चकाल्याला 52 हजारांची ऑफर आहे आणि जाऊन-येऊन पाच तास मोडणार. घ्यावी का?

घ्या. फक्त सोडायची तारीख आधी ठरवा आणि मग घ्या.

उत्तर खरं तर इथेच संपलं असतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की, 'बाबा म्हणतात, पैसा काय, घरी वेळेवर आलेलं बरं.' तिथे माझं दुखणं आहे.

मी हेच केलंय. 2013 च्या जुलैत अंबरनाथची नोकरी सोडून अंधेरीला लागलो. क्वालिटी कंट्रोल लॅबमधला केमिस्ट, 18 हजारांवरून 31 वर. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे 340 नंबरची बस. साकीनाक्याला ती अशी रुतायची की लोक उतरून चालायला लागायचे आणि बसच्या आधी पोचायचे. 8 जून 2014 ला मेट्रो सुरू झाली आणि तो भोग संपला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून मेट्रो आहे, त्यामुळे अर्धी लढाई तुम्ही जिंकूनच निघताय. घाटकोपरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी तेवढी सोसा.

आमचे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर सायकलवर कामाला गेले, दुपारी क्वार्टरवर येऊन गरम भात जेवले. जिथून फॅक्टरीचा भोंगा ऐकू येत नाही ती नोकरी त्यांच्या लेखी परगावची.

कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहायची त्यांना सवय. मी अंधेरीला जायला लागल्यावर त्याच चौकोनात, खाड्याच्या खाली, बारीक पेन्सिलीने माझी घरी यायची वेळ लिहायला लागले. 9:05. 9:20. 8:50. मला तीन महिने पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा हसू आलं. पुढे पुढे मात्र डोक्यात जायला लागलं, कारण गाडी उल्हासनगरला अडकली की डोळ्यासमोर तो चौकोनच यायचा.

एका पावसाळ्यात विठ्ठलवाडीच्या अलीकडे पुढची मालगाडी बंद पडली. तुम्हाला सांगायला नको, कल्याणपर्यंत निदान स्लो-फास्टचे वेगळे रूळ आहेत; तिथून बदलापूरकडे जायला एक, यायला एक. लोकल, मेल-एक्सप्रेस, मालगाडी, सगळा कारभार त्याच जोडीवर. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, पण ते होईपर्यंत पुढे एक अडली की मागे माळ लागते. पावणेदोन तास उभा होतो. पंखे चालू, खिडक्या बंद, बाहेर धो-धो. कोपऱ्यातल्या ग्रुपने पत्ते काढले. एका काकांनी घरी न्यायची केळी सोलून वाटून टाकली. माझ्या मोबाईलची बॅटरी डोंबिवलीलाच संपलेली.

घरी पोचलो तेव्हा आई झोपलेली. बाबा खुर्चीत बसलेले, ताट झाकून ठेवलेलं. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा लावला, उठून भिंतीपाशी गेले, 11:40 लिहिलं आणि म्हणाले, "आमटी गरम करू?"

मी भडकलो. "हजेरी घेताय का माझी? या घराचा हप्ता कुठून येतो ते लिहा की त्या चौकोनात!"

"हप्त्याचं कुणी विचारलं? मी टाईम लिहितोय."

आठ दिवस अबोला. डिसेंबर संपल्यावर त्यांनी वर्षाची बेरीज मारली आणि माझ्यापुढे कागद ठेवला: प्रवासाचे तास कामात धरले तर तासाला किती पडतात. तीच पद्धत तुमच्या आकड्यांना लावतो. आत्ता नऊ तासांची ड्युटी आणि चाळीस मिनिटं प्रवास, महिन्याचे 25 दिवस धरले तर साधारण 242 तास, म्हणजे तासाला 140 रुपये. चकाल्याला 350 तास, तासाला 148. अठरा हजारांची उडी म्हणताय ती तासाला आठ रुपयांची आहे. त्यातून पास, मेट्रो, शेअर रिक्षा आणि घाटकोपरचा वडापाव वजा करा. पेट्रोल वाचेल ते मिळवा.

हिशोब चोख आहे आणि काही कामाचा नाही. बँक कर्ज देताना तासाला किती पडतात ते विचारत नाही, सॅलरी स्लिप बघते. घरी लवकर येऊन वाचलेले तास कोणी विकत घेत नाही. आणि बाबा एक गोष्ट सोयीस्कर विसरतात: त्यांना सरकारी नोकरी होती, क्वार्टर होतं, आज पेन्शन आहे. भोंग्याच्या आवाजात राहणं त्यांना परवडत होतं. मला जुन्या कंपनीत वर्षाला हजार-बाराशे वाढायचे, तेही साहेबांच्या केबिनबाहेर तीनदा उभं राहिल्यावर. अंधेरीत मी चार वर्षं एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलं, परदेशी ऑडिट बघितली, मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं, शिकलो. 2017 मध्ये त्याच अंबरनाथ एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत परत आलो, 54 हजारांवर. जुन्या ठिकाणी चिकटून राहिलो असतो तर हा आकडा बघायला केस पांढरे झाले असते. हे बाबांना अजून मान्य नाही. ते म्हणतात, "शेवटी आलास ना परत?" आलो, पण 18 वर नाही आलो!

म्हणून तारखेचं म्हणतोय. दोन वर्षं, फार तर तीन. तिथे नवीन काही शिकायला मिळणार नसेल, तेच काम जास्त पैशात करायचं असेल, तर मात्र आठ रुपयांसाठी हाडं झिजवू नका. हे मी वरच लिहायला हवं होतं.

आणखी एक. दारात लटकायचं नाही, म्हणजे नाही. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर माणसं पडून गेली, तीही सकाळच्या ऐन गर्दीत. बदलापूरहून सुटणारी गाडी पकडा, कर्जतहून भरून येणारीच्या नादी लागू नका. होकार कळवण्याआधी चार दिवस रजा टाकून ऐन गर्दीच्या वेळेला जाऊन-येऊन बघा. रविवारी रिकाम्या गाडीतून ट्रायल घेणारे मला माहीत आहेत.

बायकोने आत्ता मागून वाचलं. म्हणतेय, "त्या चार वर्षांत मुलीचं डॉक्टर, शाळा, गॅस, भाजी कोणी बघितलं तेही लिही." तिने बघितलं, कल्याणची स्वतःची नोकरी सांभाळून. बाबांच्या बेरजेत तिचे तास नव्हते, माझ्याही नव्हते. तुमच्या घरी असं कोणी नसेल, किंवा आईवडील अंथरुणाला असतील, तर माझं वरचं सगळं सोडून द्या.

आणि सही करण्याआधी लेट मार्कचा नियम नीट विचारा. आमच्याकडे दहा मिनिटांची सूट होती, पुढे तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. जुलैत माझा किती कापला जायचा, तो आकडा मी बाबांना कधी कळू दिला नाही.