जुनी पिकअप स्लोला बंद पडते? पंप खोलायच्या आधी टाकीत बघा

पंप काढू देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी डिझेल पिकअप आहे, मेकॅनिकल पंपाची, म्हणजे नोझलना दाबानं डिझेल देणारा पंप इंजिनच फिरवतं. स्लोला, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसताना, आवाज वरखाली होतो, न्यूट्रल करून थांबलं की बंद पडते, मग कधी एका सेलला लागते तर कधी डिझेल लाईनवरचा हँडपंप मारत बसावं लागतं. मेकॅनिक म्हणतोय पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल लॅबला, म्हणजे पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपला टाका, घरचे म्हणतायत विकून टाका. अगदी हेच आमच्या घरात झालंय आणि त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आमची गाडी वाईची. हंगामात भिलारकडून स्ट्रॉबेरी खाली आणायची, एरवी हळद, भाजी, मिळेल ते भाडं. गाडी दोघा भावांत आहे. चालवतो मी, हिशेब दादाकडे. एका हंगामात ती पसरणी घाट उतरताना दगा द्यायला लागली. रिकामी वर जाताना काही तक्रार नाही. भरून उतरताना मात्र वळणावर गिअर बदलायला क्लच दाबला की आवाज डुलायला लागायचा, खाली खाली जायचा आणि इंजिन गप्प. मी क्लच सोडून गिअरवरच परत उचलायचो. घाटात हे किती वाईट, ते ज्यांनी लोड घेऊन घाट उतरलाय त्यांनाच कळेल. या गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप इंजिनवर चालतो, बहुतेक अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दुसरा ब्रेक नीट लागतो, पुढे पेडल कडक होतं. त्यामुळे "बंद पडली तर सेल मारायचा, त्यात काय" असं म्हणणाऱ्यांवर मला खरंच राग येतो.

मेकॅनिकनं आधी स्लोचा स्क्रू वाढवून दिला. तुमच्याही गाडीला हे केलं असणार. स्लो वाढवणं हा इलाज नाही. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास चालणारं इंजिन 1100 वर नेऊन ठेवलं की दोष चार दिवस झाकला जातो, वर गिअर टाकताना कुरकुर आणि डिझेल जास्त. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा बंद पडल्यावर तो म्हणाला, पंप गेलाय.

मी तेव्हाच दादाला सांगितलं होतं की टाकी फुल असली की ही बंद पडत नाही, काटा अर्ध्याच्या खाली गेला की पडते. पंपाला टाकीत किती डिझेल आहे ते काय कळतं? दादाचं उत्तर, "मेकॅनिक तू का तो?" पंप निघाला, साताऱ्याला लॅबला गेला, नोझलही गेले. ऐन हंगामात गाडी दारात उभी. बिल आलं ते सगळं स्ट्रॉबेरीच्या भाड्यातून गेलं.

पंप बसवून गाडी आली तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि गाडी झकास चालली. दादा खूश. मग काटा अर्ध्याच्या खाली आला आणि उतारावर तोच आवाज, तेच डुलणं. दादा म्हणाला, "सेटिंग हललं असेल, परत लॅबला टाकू."

मग मी कुणाला न विचारता डबा लावला. हेच तुम्ही पहिल्यांदा करा. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात गाळलेलं डिझेल. फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप; त्याच्याकडे टाकीतून येणारी लाईन सोडवायची आणि तिथे नवा पारदर्शक पाईप लावून त्याचं दुसरं टोक डब्यात बुडवायचं. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाईपही त्याच डब्यात सोडा. डबा इंजिनपेक्षा उंच, पक्का बांधलेला, गरम भागापासून लांब. हँडपंप मारून एअर काढायची आणि गाडी अंगणातच स्लोला सोडून द्यायची. रस्त्यावर न्यायची नाही. आमची तशी तासभर ठेवली, आवाजात तसूभर फरक नाही. म्हणजे स्लोला बंद पडण्यात पंप, नोझल, फिल्टरचा दोष नाही. दोष टाकी ते फीड पंप यांच्या मध्येच कुठेतरी.

नंतर तोच पारदर्शक पाईप टाकीच्या लाईनला मधे जोडला. टाकीत डिझेल कमी होतं. गाडीचं तोंड उताराकडे करून चालू केली, आणि पाईपमधून बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली. वरच्या सगळ्या रबरी नळ्या नि क्लिपा बघून झाल्या, काही नाही. शेवटी टाकीवरचं युनिट, म्हणजे डिझेलची नळी धरणारं झाकण, खोललं. टाकीतून डिझेल ओढणारी लोखंडी नळी बाहेर काढून पुसली, खालचं टोक अंगठ्यानं दाबलं, बादलीत बुडवून वरून फुंकलं. झाकणापासून वितीभर खाली, गंजाच्या तपकिरी डागात, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत ते बुडालेलं, त्यामुळे हवा येत नाही. डिझेल खाली गेलं, किंवा उतारावर पुढे सरकलं, की भोक उघडं पडायचं आणि नळी डिझेलबरोबर हवा ओढायची. पितळ मारून घेतलं, युनिटची पॅकिंग नवी टाकली. त्यानंतर त्या कारणानं गाडी बंद पडलेली नाही.

दादा आजही चारचौघांत सांगतो की पंप केला म्हणून गाडी सुधारली. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, डबा आधी लावा. पंप आधी केला आणि मधे टाकी भरली, की गुण कशाचा आला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि पैसे देणारा तर पैशाचाच गुण मानतो.

आता तुमच्या गाडीचं. एअर घेणारी गाडी स्लोला त्रास देते, कारण स्लोला पंप दर वेळी थेंबभरच डिझेल मारतो आणि तेवढ्यात बारकासा बुडबुडाही भारी पडतो. फिल्टर किंवा जाळी चोंदली असेल तर उलटं होतं, स्लो ठीक असतो पण लोडला, चढाला दम लागतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाईनला बाहेर ओल दिसत नाही म्हणून फसू नका. तिथे गाडी चालू असताना ओढ असते, हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी हँडपंप मारावा लागतो, तोही बहुतेक याच दोषामुळे. बटण बंद केल्यासारखी झटक्यात बंद पडत असेल तर आधी पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची, वायर हलवून बघा, सगळ्या गाड्यांना तो नसतो. थोडं अंतर चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन गाडी पूर्ववत झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. लाईनचे जोड खोलून वॉशर जुनेच परत बसवत असाल तर तांब्याचा वॉशर लाल करून गार करा, मऊ होतो आणि नीट बसतो.

विकायचं म्हणाल तर एवढ्याशा कारणावरून जुनी, मजबूत गाडी विकू नये, असं माझं मत आहे. चेसिस सडली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हो, पंप कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. विशेषतः रोटरी पंप झिजला असेल तर गाडी थंड असताना बरी चालते, गरम झाल्यावर स्लोला बंद पडते आणि परत लागत नाही. तसं झालं तर बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं ठेवा, थेट गार पाणी ओतू नका. पंप निवल्यावर लागली आणि डबा लावूनही तोच त्रास राहिला, तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे. मग पंप काढा, पण काढण्याआधी फ्लँजवर, म्हणजे पंप इंजिनला जिथे बसतो त्या कडेवर, टायमिंगच्या खुणा तुमच्यासमोर मारून घ्या.